डिसेंट: ‘मला तसं वाटत नाही’चा इतिहास

आजचा शब्द आहे ‘डिसेंट’.

हा शब्द आपल्या कानावर साधारण दोन ठिकाणी पडतो. एक म्हणजे सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल येतो तेव्हा. चार न्यायमूर्ती एका बाजूला आणि एकाचं ‘डिसेंट’. आणि दुसरं ठिकाण म्हणजे टीव्हीवरची रात्री नऊची चर्चा, जिथे कुणीच कुणाचं ऐकत नसतं. मराठीत आपण त्याला मतभेद म्हणतो, असहमती म्हणतो, आणि घाईत असलो की सरळ ‘विरोध’ म्हणून मोकळे होतो. मला हे शेवटचं भाषांतर खटकतं. विरोध करायला समोर कुणीतरी लागतं. डिसेंटला तसं कुणी लागत नाही. हे कसं, ते कळायला आपल्याला साडेतीनशे वर्षं मागे, इंग्लंडमध्ये जावं लागेल. पण त्याआधी शब्द जरा उघडून बघू.

लॅटिनमध्ये ‘सेंतीरे’ असं एक क्रियापद आहे. अर्थ : जाणवणं, वाटणं. त्याच्या आधी ‘दिस्’ लावलं की ‘वेगळं’, ‘बाजूला’ हा अर्थ येतो. ‘दिस्सेंतीरे’ म्हणजे वेगळं वाटणं. इंग्रजीत हे क्रियापद पंधराव्या शतकात आलं आणि नाम म्हणून ‘डिसेंट’ सोळाव्या शतकात रुळलं. आता गंमत बघा. आपलं मराठी ‘वाटणं’ अगदी असंच वागतं. ‘भीती वाटते’ ही भावना झाली. ‘पाऊस येईल असं वाटतं’ हा अंदाज झाला. आणि ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलं की आपण समोरच्याचं मत मागत असतो. भावना आणि मत, दोन्हींसाठी एकच क्रियापद. ‘मतभेद’ हा शब्द मात्र संस्कृत ‘मन्’ धातूवरून आलेला, म्हणजे विचार करण्याशी जोडलेला. म्हणून मला विचाराल तर ‘डिसेंट’चं सगळ्यात जवळचं मराठी भाषांतर एका शब्दाचं नाहीच, ते एक पूर्ण वाक्य आहे : ‘मला तसं वाटत नाही.’

या ‘सेंतीरे’चं खानदान मोठं आहे. सेन्स, सेंटिमेंट, रिझेंट, असेंट, कन्सेंट, कन्सेन्सस ही सगळी चुलत-मावस भावंडं. कोर्ट जे ‘सेंटेन्स’ सुनावतं तेही यातलंच, कारण लॅटिनमध्ये ‘सेंतेंतिया’ म्हणजे मत. रोमच्या सिनेटमध्ये सभासदांना एकेक करून त्यांचं सेंतेंतिया विचारलं जायचं. शेवटी मतदान कसं? ज्याचं म्हणणं पटलं त्याच्याकडे चालत जायचं. याला ते ‘पायांनी मतात जाणं’ असंच म्हणायचे. ब्रिटिश संसदेत आजही ‘डिव्हिजन’ मागितली की खासदार उठून दोन वेगवेगळ्या लॉबींमध्ये चालत जातात. आपले वितरित प्रणालीवाले लोक ‘कन्सेन्सस अल्गोरिदम’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात रोम नसतो, पण शब्द तिथलाच आहे. फक्त सर्व्हरला काही ‘वाटत’ नसतं, एवढाच फरक.

वरच्या यादीतले असेंट आणि कन्सेंट हे दोन शब्द लक्षात ठेवा. गोष्ट त्यांच्यामुळेच पेटली.

सन १६४९ मध्ये इंग्लंडने आपल्या राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद केला. त्यानंतर अकरा वर्षं तिथे राजाच नव्हता. १६६० मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स परत आला. येण्याआधी त्याने ब्रेडा या डच गावातून एक जाहीरनामा काढला होता आणि धर्माच्या बाबतीत लोकांच्या सदसद्विवेकाला धक्का लावणार नाही असं वचन दिलं होतं. पण नव्या संसदेत जुने हिशेब चुकते करायला निघालेली मंडळी बसली होती. त्यांनी १६६२ मध्ये ‘अॅक्ट ऑफ युनिफॉर्मिटी’ केला. नावातच सगळं आलं. प्रत्येक चर्चमध्ये एकच प्रार्थना, एकाच पुस्तकातून, एकाच पद्धतीने.

इथवर ठीक आहे, असे कायदे आधीही होते. १५५९ च्या कायद्यात चर्चला गैरहजर राहिलं तर दर वेळी बारा पेन्स दंड होता. कॅथलिकांसाठी १५८१ मध्ये तो महिन्याला वीस पौंडांवर नेला. चर्चला जायला नकार देणाऱ्या या कॅथलिकांना ‘रेक्युझंट’ म्हणायचे. (त्याच काळात इंग्लंड सोडून रोमला गेलेला आणि तिथे जेझुइट झालेला एक कॅथलिक तरुण १५७९ मध्ये गोव्यात उतरला. नाव थॉमस स्टीफन्स. आपल्या ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता तो हाच. इंग्लंडचं नुकसान, मराठीचा फायदा.)

पण १६६२ च्या कायद्यात एक नवीन गोष्ट होती. प्रत्येक पाद्र्याने आपल्या चर्चमध्ये लोकांसमोर उभं राहून जाहीर करायचं की या प्रार्थनापुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीला माझं निष्कपट ‘असेंट’ आणि ‘कन्सेंट’ आहे. निष्कपट! म्हणजे नुसतं पुस्तक वापरतो म्हणून भागणार नव्हतं. मनापासून पटलंय, असं म्हणायला हवं होतं. कायदा वागण्यावर थांबला नाही, तो वाटण्यापर्यंत गेला. मुदत होती २४ ऑगस्ट १६६२.

यातली सगळ्यात भारी भानगड पुढे आहे. पुस्तकाची नवी, सुधारलेली आवृत्ती छापून यायला उशीर झाला. लंडनपासून लांब असलेल्या अनेक गावांत मुदत संपायच्या आत प्रतच पोचली नाही. तरीही पाद्र्यांनी, न वाचलेल्या पुस्तकाच्या प्रत्येक शब्दाला, मनापासून मान्यता द्यायची होती. आपण अॅप डाउनलोड करताना चाळीस पानी अटी खाली सरकवून ‘आय अॅग्री’ दाबतो ना, तेच. फक्त आपल्याला तो बोर्ड मीटिंगएवढा गंभीर क्षण वाटत नाही. त्या लोकांसाठी ती देवासमोर बोललेली गोष्ट होती.

पुष्कळांनी बटण दाबलं. पण १६६० ते १६६२ या काळात मिळून सुमारे दोन हजार पाद्र्यांनी आपली जागा गमावली. तारीखही मुद्दाम पाहून ठेवलेली होती की काय कोण जाणे, कारण वर्षाचं उत्पन्न हाती यायचं ते सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे वर्षभर राबलेल्या माणसाने पगाराच्या महिनाभर आधी घर, चर्च, गाव सगळं सोडायचं, बायकापोरांसकट. आणि यातले बहुतेक लोक काही क्रांतिकारक वगैरे नव्हते. काहींचे आक्षेप आपल्याला आज चिल्लर वाटतील : गुडघे टेकून प्रसाद घ्यायचा की नाही, पांढरा झगा घालायचा की नाही. यातल्या कित्येकांना चर्च ऑफ इंग्लंडमध्येच राहायचं होतं. त्यांना फक्त न वाटणारी गोष्ट ‘वाटते’ म्हणून सांगायची नव्हती.

जे असेंट देत नाहीत ते डिसेंटर. शब्द आधीपासून होता, पण आता तो एका अख्ख्या समाजाचं नाव झाला. लेबल सरकारने चिकटवलं. त्यांच्यासाठी कायदेही वेगळे निघाले. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाच किंवा जास्त लोकांनी मिळून वेगळी प्रार्थना करायला बंदी घातली, म्हणजे एक प्रकारची जमावबंदीच. १६६५ च्या कायद्याने हाकललेल्या पाद्र्यांना मोठ्या गावांपासून आणि त्यांच्या जुन्या चर्चपासून पाच मैल लांब राहायला सांगितलं. जॉन बनियन नावाचा भांडी जोडणारा एक माणूस परवान्याशिवाय प्रवचन करतो म्हणून बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं होता. प्रवचन करणार नाही एवढं म्हटला असता तर सुटला असता. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ लिहिणारा बनियन तो हाच.

१६७३ च्या टेस्ट अॅक्टने सरकारी हुद्द्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने प्रसाद घेणं सक्तीचं केलं. इथे डिसेंटरांमधल्या व्यवहारी लोकांनी पळवाट काढली. वर्षातून एकदा जायचं, प्रसाद घ्यायचा, सर्टिफिकेट आणायचं आणि उरलेलं वर्ष आपल्या सभागृहात आपली प्रार्थना. याला ‘ऑकेजनल कन्फॉर्मिटी’ म्हणायचे. ऑफिसातल्या सक्तीच्या ट्रेनिंगचे व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवणाऱ्यांना हे लगेच कळेल.

या पळवाटेवर सगळ्यात जास्त चिडलेला माणूस स्वतः डिसेंटर होता. डॅनिएल डिफो. हो, ‘रॉबिन्सन क्रूसो’वाला, पण क्रूसो यायला अजून बराच वेळ होता. डिफोचं म्हणणं सरळ होतं : पटत नसेल तर जाऊ नका, आणि पटत असेल तर वेगळे राहू नका. पण १७०२ मध्ये कट्टर मंडळी ही पळवाट बुजवण्याच्या निमित्ताने डिसेंटरांवरच तुटून पडली, तेव्हा डिफोचा रोख बदलला. डिसेंबरमध्ये त्याने निनावी पुस्तिका काढली : ‘डिसेंटरांचा निकाल लावायचा सगळ्यात जवळचा रस्ता’, अशा अर्थाच्या नावाची. लिहिली होती एका कट्टर चर्चवाल्याच्या आवाजात. दंडबिंड कसले करता, सभेत सापडला त्याला देशाबाहेर काढा आणि प्रवचन करणाऱ्याला फासावर द्या, म्हणजे प्रश्नच मिटला!

हा उपहास होता. पण खाली ‘जस्ट किडिंग’ असं लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे काही कट्टर लोकांनी पुस्तिका खरी समजून तिचं कौतुक केलं. डिसेंटर घाबरले. आणि मग लेखकाचं नाव फुटलं. त्या क्षणी दोन्ही बाजू त्याच्यावर उलटल्या : एका बाजूला आपली फजिती झाल्याचा राग, दुसरीला आपला जीव टांगणीला लावल्याचा. त्याला पकडून देणाऱ्याला पन्नास पौंडांचं बक्षीस जाहीर झालं. संसदेने पुस्तिका जाळायचा हुकूम दिला. मे १७०३ मध्ये तो सापडला. शिक्षा काय, तर दंड, तुरुंग, आणि तीन दिवस पिलरीत उभं राहणं. पिलरी म्हणजे आपल्याकडच्या खोड्यासारखा प्रकार, पण उभ्याने. भर चौकात लाकडी फळ्यांच्या भोकांत मान आणि हात अडकवायचे आणि गर्दीने हवं ते फेकायचं. दगड आले तर माणूस मरायचासुद्धा. २९, ३० आणि ३१ जुलै १७०३, असे तीन दिवस डिफो तिथे उभा राहिला. गर्दीने त्याच्यावर फुलं टाकली अशी गोष्ट सांगतात. ती दंतकथाही असेल, पण त्याला इजा झाली नाही हे खरं. आणि पिलरीवरच त्याने एक उपरोधिक स्तोत्र लिहून छापून घेतलं होतं, ते त्याच दिवसांत विकलं जात होतं. मार्केटिंग म्हणाल तर तोड नाही.

आता थोडं पुढे. १६८९ च्या टॉलरेशन अॅक्टने बहुतेक प्रॉटेस्टंट डिसेंटरांना प्रार्थनेची मोकळीक दिली होती, कॅथलिकांना नाही. नोकऱ्या आणि विद्यापीठं मात्र बंदच राहिली. ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागायची, केंब्रिजला पदवी घेताना. मग डिसेंटरांनी स्वतःच्या अकादम्या काढल्या. डिफो अशाच एका अकादमीत, लंडनजवळच्या न्यूइंग्टन ग्रीनला शिकला. तिथे इंग्रजीतून शिकवायचे, आधुनिक विज्ञान शिकवायचे. बंद दारासमोर रडत बसण्यापेक्षा शेजारी दुसरी इमारत बांधली म्हणा ना.

वॉरिंग्टनच्या अशाच अकादमीत काही वर्षं शिकवणारा एक माणूस म्हणजे जोसेफ प्रिस्टली. ऑक्सिजन वेगळा करणाऱ्यांपैकी एक. पाण्यात वायू मिसळून सोडावॉटर करायची रीत त्यानेच १७७२ मध्ये छापली, म्हणजे गोटी सोड्याचे आभार मानायचे तर थोडे याचेही. हा धर्माने युनिटेरियन, त्यामुळे टॉलरेशन अॅक्टच्याही बाहेर. वर फ्रेंच राज्यक्रांतीचा समर्थक. १४ जुलै १७९१ ला बर्मिंगहॅममध्ये बॅस्टिलच्या वाढदिवसाचं जेवण होतं. प्रिस्टली तिकडे गेलाही नव्हता. तरी ‘राजा आणि चर्च’च्या नावाने निघालेल्या जमावाने त्याचं घर, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा सगळं जाळलं. तीन वर्षांनी तो अमेरिकेला निघून गेला. म्हणजे सव्वाशे वर्षं होऊनही ‘वेगळं वाटणारा’ आणि ‘देशाचा शत्रू’ यांत जमावाला फरक करता येत नव्हता. ‘डिसेंट म्हणजे विरोध’ हे भाषांतर तेव्हाही चालायचं, आणि ते घरं जाळायचं.

इथे आपल्या भाषेचा आणखी एक धागा येतो. विल्यम केरी, नॉर्दम्प्टनशरचा एक चांभार, पुढे बाप्टिस्ट झाला. बाप्टिस्ट म्हणजेही डिसेंटरच. तो १७९३ मध्ये बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, म्हणून १८०० मध्ये त्याने सेरामपूरला, डॅनिश वसाहतीत, बस्तान हलवलं. त्याच वर्षी कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथे बंगाली शिकवायला केरीइतका लायक माणूस नव्हता. पण प्रोफेसर व्हायला चर्च ऑफ इंग्लंडचा असणं आवश्यक. म्हणून १८०१ मध्ये त्याला घेतलं ते ‘टीचर’ म्हणून, महिना पाचशे रुपयांवर. काम प्रोफेसरचं, हुद्दा खालचा. (हा प्रकार ज्यांना अप्रेझलमध्ये माहीत झालाय त्यांनी हसू नये.) पुढे तो तिथे मराठीही शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठी व्याकरण तयार केलं, ते १८०५ मध्ये सेरामपूरला छापलं, आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोशही. मराठी छपाईच्या सुरुवातीच्या इतिहासातली ही दोन महत्त्वाची पुस्तकं ज्याने केली, त्याला स्वतःच्या देशातल्या विद्यापीठाची पदवी मिळणं शक्य नव्हतं.

इंग्लंडने टेस्ट अॅक्ट रद्द केला १८२८ मध्ये. ऑक्सफर्ड-केंब्रिजची धार्मिक अट पूर्ण सैल व्हायला १८७१ उजाडलं. १६६२ पासून मोजा : दोनशे नऊ वर्षं.

दरम्यान शब्द चर्चच्या बाहेर पडला होता. ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात सतराव्या शतकापासून एक सोय होती. ठराव मंजूर झाला तरी न पटलेल्या सभासदाला आपला निषेध कारणांसकट कामकाजाच्या वहीत नोंदवता यायचा. कोर्टं आणि सरकारी समित्यांमध्ये हीच पद्धत रुजली, आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. समितीतल्या अशा टिपणाला ‘मिनिट ऑफ डिसेंट’ म्हणतात, मराठी सरकारी भाषेत ‘भिन्नमतपत्रिका’. शब्द जड आहे, पण मला आवडतो, कारण त्यात भांडण नाही. माझं मत भिन्न आहे, ते या कागदावर आहे, खाली माझी सही आहे.

आणि ज्यांना हे हत्यार पक्कं कळलं होतं ते बाबासाहेब आंबेडकर. सायमन कमिशनबरोबर काम करायला मुंबई विधिमंडळाने जी समिती नेमली, तिचे ते सभासद होते. समितीचा अहवाल त्यांना पटला नाही. ते समितीतून उठून गेले नाहीत. १७ मे १९२९ ला त्यांनी स्वतःचा स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात सगळ्या प्रौढांना मताधिकार मागितला. त्या काळी मत द्यायला मालमत्ता किंवा कर भरल्याची अट असायची. समितीत हे मत एकट्याचं होतं. वीस वर्षांनी तयार झालेल्या राज्यघटनेत ते कलम ३२६ झालं.

शेवटचं नाव न्या. हंसराज खन्ना. आणीबाणीत हजारो लोक खटल्याविना तुरुंगात होते. आपली अटक कायदेशीर आहे का, एवढं तरी कोर्टाने तपासावं, ही त्यांची मागणी. अनेक हायकोर्टांनी ती मान्य केली होती. सुप्रीम कोर्टात सुनावणी चालू असताना खन्नांनी अॅटर्नी जनरलना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक दुश्मनीतून कुणाचा जीवच घेतला तर? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर कोर्टाकडे त्यावर उपाय नाही. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक, सरकारच्या बाजूने. एक म्हणजे खन्ना. ज्येष्ठतेनुसार पुढचे सरन्यायाधीश तेच व्हायचे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना नेमलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्या डिसेंटने १९७६ मध्ये एकही माणूस तुरुंगातून सुटला नाही. कायदा म्हणून त्याची किंमत त्या दिवशी शून्य. आमच्या भाषेत सांगायचं तर मर्ज न झालेली ब्रँच. पण डिलीट न केलेली. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ जणांच्या पीठाने १९७६ चा तो निकाल मोडीत काढला. त्यातला मुख्य निकाल ज्यांनी लिहिला आणि खन्नांचं बरोबर होतं असं ज्यांनी नोंदवलं, ते न्या. धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. निकालाची तारीख होती २४ ऑगस्ट. १६६२ च्या पाद्र्यांची मुदत संपली ती तारीख. हा निव्वळ योगायोग आहे, पण स्क्रिप्ट लिहिताना मी कॅलेंडर दोनदा तपासलं.

पुढच्या भागात ‘बॉयकॉट’. ते एका माणसाचं आडनाव होतं, आणि त्याच्यावर काय वेळ आली ते ऐकाच.